शीत प्रदेशातील धूळसंकलक यंत्रणा : गोठण्याची कारणमीमांसा व प्रतिबंध

प्रस्तावना :

सिमेंट, धान्य-साठवण, खाणकाम, लाकूडकाम, ओतकाम अशा ज्या ज्या उद्योगांत पदार्थ दळला, चाळला किंवा पट्ट्यावरून वाहून नेला जातो, तेथे धूळ निर्माण होणे अटळ असते. ही धूळ कामगाराच्या श्वासात अथवा कारखान्याच्या परिसरात पसरण्यापूर्वी पंख्याच्या साहाय्याने खेचून घेणे, गाळणे आणि गाळलेली हवा बाहेर सोडणे हे धूळसंकलक यंत्रणेचे कार्य होय. यंत्रणेत पाण्याचा वापर नाही, ती केवळ हवा हाताळते. तरीही कॅनडा, उत्तर अमेरिका, रशिया, स्कँडिनेव्हिया या प्रदेशांत दर हिवाळ्यात अशा कोरड्या यंत्रणा गोठून बंद पडतात. हवेवर चालणारे यंत्र गोठते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या दृष्टीने जितका रंजक आहे, तितकाच कामगारांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने गंभीर आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या प्रश्नाचे मूळ थंडीत नसून पाण्यात आहे. आणि त्या पाण्याचा सर्वांत दुर्लक्षित स्रोत म्हणजे यंत्रणा स्वच्छ ठेवण्यासाठी तिला पुरवली जाणारी संपीडित हवा हा होय. यंत्राला बाहेरून ऊब देण्याचे उपाय अनेक ठिकाणी प्रथम योजले जातात. ते निरुपयोगी नाहीत. परंतु पाण्याचा विचार न करता केलेली तापनव्यवस्था ही बहुधा खर्चिक मलमपट्टी ठरते.

धूळसंकलक बंद पडल्याने काय बिघडते, हे समजण्यासाठी धान्य-उद्योगाचे उदाहरण पुरेसे आहे. २२ डिसेंबर १९७७ रोजी अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील वेस्टवेगो येथील धान्य-कोठारात धुळीचा स्फोट होऊन ३६ माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेशी धूळसंकलक गोठण्याचा संबंध नव्हता. मात्र साचलेली धान्याची धूळ दारूगोळ्यासारखी वागू शकते, हे तिने दाखवून दिले. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेने धान्य-हाताळणीसाठी जो सुरक्षा-नियम केला, त्यात कोठाराच्या महत्त्वाच्या भागांत एक-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, इतका थर साचताच धूळ काढणे आवश्यक ठरवले गेले. कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशात धान्याची उलाढाल हिवाळ्यातही चालू असते. तेथे संकलक एक रात्र बंद राहिला तर हा थर साचण्यास वेळ लागत नाही. दगड, वाळू व ओतकामाच्या उद्योगांत स्फोटाचे भय नसले तरी सिलिकाची धूळ फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. भारतातही १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम १४ ने धूळ उगमस्थानाजवळच खेचून घेण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली होती.

यंत्रणेची रचना :

धूळसंकलकांचे अनेक प्रकार असले तरी आज सर्वाधिक प्रचारात असलेला प्रकार म्हणजे हवेच्या झटक्याने साफ होणारा, कारखान्यांत ज्याला बॅगफिल्टर म्हणतात तो होय. पत्र्याच्या मोठ्या पेटीत नमदा किंवा तत्सम कापडाच्या लांब पिशव्या तारेच्या पिंजऱ्यावर चढवून उभ्या टांगलेल्या असतात. धूळयुक्त हवा पिशवीच्या बाहेरून आत जाते. धूळ बाहेरच्या पृष्ठावर अडते. थर वाढला की हवेच्या मार्गातील रोध वाढतो. तेव्हा पिशवीच्या तोंडावरून साधारण एक-दशांश सेकंद इतकाच वेळ संपीडित हवेचा झटका आत सोडला जातो. पिशवी फुगते, थर सुटतो आणि खालच्या नरसाळ्याच्या आकाराच्या हॉपरमध्ये पडतो. झटका देणाऱ्या झडपा एका आडव्या हवाटाकीवर बसवलेल्या असतात आणि ही टाकी बहुतेक वेळा पेटीच्या बाहेर, उघड्यावर असते. गोठण्याची कथा येथूनच सुरू होते.

संपीडित हवेतील पाण्याचे गणित :

एक घनमीटर जागेत पाण्याची जास्तीत जास्त किती वाफ राहू शकते, हे व्यवहारतः केवळ तापमानावर अवलंबून असते. तेथील हवेचा दाब किती आहे यावर नाही. २० अंश सेल्सिअसला ही मर्यादा सुमारे १७ ग्रॅम, शून्य अंशाला सुमारे ५ ग्रॅम आणि उणे २० अंशाला एक ग्रॅमहूनही कमी असते. दाब वाढल्याने ही मर्यादा वाढत नाही, हा मुद्दा विद्यार्थ्यांच्या आणि क्वचित अभियंत्यांच्याही लक्षात राहत नाही.

कॉम्प्रेसरच्या खोलीत २० अंश तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता आहे असे मानू. तेथील प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे साडेआठ ग्रॅम वाफ असेल. कॉम्प्रेसर ही हवा वातावरणाच्या आठपट दाबापर्यंत नेतो, म्हणजे आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबतो. तिच्यातील वाफही एकत्र येते आणि ती सुमारे ६९ ग्रॅम होते. हवा पुन्हा २० अंशांपर्यंत थंड झाल्यावर त्यांपैकी १७ ग्रॅमच वाफरूपात राहू शकते. उरलेल्या सुमारे ५२ ग्रॅमचे पाणी होते व ते टाकीतून काढून टाकले जाते. कामगाराला हे पाणी दिसते आणि हवा कोरडी झाली असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात ती हवा पूर्ण संपृक्त असते. याहून लक्षणीय बाब अशी की, खोलीतील आर्द्रता एक-अष्टमांशाच्या, म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या वर कितीही असली तरी आठपट संपीडनानंतर परिणाम तोच राहतो. खोली कोरडी वाटते म्हणून संपीडित हवा कोरडी असेल, हे अनुमान त्यामुळे चुकीचे ठरते.

आता ही संपृक्त हवा नळातून बाहेर जाते. कॅनडातील विनिपेग शहरी जानेवारीतील सरासरी किमान तापमान उणे २१ अंशांच्या आसपास असते. तेथे उघड्यावरच्या हवाटाकीत शिरल्यावर १७ ग्रॅमपैकी सुमारे १६ ग्रॅम पाणी प्रत्येक घनमीटरमागे नळाच्या भिंतींवर व झडपांत हिमरूपाने बसते. एखादा संकलक दर मिनिटाला केवळ एक घनमीटर मुक्त हवा वापरतो असे धरले, तर चोवीस तासांत १८० घनमीटर संपीडित हवा लागते आणि तिच्याबरोबर जवळजवळ तीन किलो बर्फाची सामग्री आत जाते. कॉम्प्रेसरला खोलीतील हवेऐवजी बाहेरची उणे २० अंशांची हवा घेऊ दिली, तर आरंभीच पाणी कमी असल्याने हा आकडा घनमीटरमागे सहा-सात ग्रॅमपर्यंत उतरतो. हा उपाय स्वस्त आहे, मात्र पुरेसा नाही.

झडपेतील बर्फ :

झटका देणाऱ्या झडपेत रबरी पडदा असतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा असताना तो बंद राहतो. दोन्ही बाजू समान ठेवण्याचे काम एक बारीक छिद्र करते. विद्युत्-चुंबकीय झडप पडद्यामागची हवा क्षणभर बाहेर सोडते, मागचा दाब उतरतो, पडदा उचलला जातो आणि झटका सुटतो. अशा रचनेत गव्हाच्या दाण्याएवढा बर्फही पुरेसा असतो. मागची हवा बाहेर पडण्याची वाट बर्फाने बुजली तर पडदा उघडतच नाही आणि त्या रांगेतील पिशव्या साफ होत नाहीत. उलट दाब समान करणारे छिद्र बुजले तर पडदा उघडलेलाच राहतो, हवा अखंड वाहून जाते आणि सामायिक टाकीतील दाब घसरल्याने निरोगी झडपाही निकामी ठरतात. थंडीने रबर कडक होते ही अडचण आणखी वेगळी; अतिशीत प्रदेशांसाठी निराळ्या पदार्थाचे पडदे मागवावे लागतात.

यानंतर घडते ते असे. पिशव्यांवरचा थर वाढत जातो, पंख्याची ओढ कमी होते आणि धूळ उगमस्थानीच उसळू लागते. पिशव्यांच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक दाखवणारे मापक हा धोका वेळीच सांगू शकते. सर्वसाधारणपणे १०० ते १५० मिलिमीटर जलस्तंभाच्या आसपास असणारा आकडा त्याहून बराच वर चढलेला दिसावा. परंतु त्या मापकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्याही थंडीत ओलसर धुळीने व बर्फाने बुजतात. तेव्हा काटा चढत नाही, एका जागी थांबतो. स्थिर काटा पाहून पाळीवरचा चालक निश्चिंत राहतो. या एका कारणासाठी तरी मापकाच्या नळ्या कोरड्या हवेने फुंकून साफ करणे हे हिवाळ्यातील पहिले काम मानले जावे.

हवा कोरडी करण्याचे मार्ग :

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकारचे ड्रायर मिळतात. पहिला शीतन-पद्धतीचा. तो हवा सुमारे ३ अंशांपर्यंत थंड करून पाणी वेगळे करतो. त्याहून खाली तो जाऊ शकत नाही, कारण मग पाणी त्याच्या स्वतःच्या नळ्यांतच गोठेल. ३ अंशांना घनमीटरमागे सुमारे ६ ग्रॅम वाफ शिल्लक राहते. म्हणजे उणे २० अंशांच्या टाकीत अजूनही ५ ग्रॅम बर्फ होणारच. उबदार इमारतीच्या आतच राहणाऱ्या हवेसाठी हा ड्रायर योग्य आहे. उघड्यावरच्या धूळसंकलकासाठी तो घेणे ही खोटी काटकसर होय.

दुसरा प्रकार शोषक पदार्थाचा, ज्यात सक्रियित ॲल्युमिना किंवा तत्सम दाणे वाफ धरून ठेवतात. दोन मनोऱ्यांपैकी एक हवा सुकवत असताना दुसऱ्यातील दाणे पुन्हा कोरडे केले जातात. याने हवेचा दवबिंदू उणे ४० अंशांपर्यंत सहज नेता येतो. मात्र तापनाविना चालणारा असा ड्रायर स्वतःचे दाणे सुकवण्यासाठी पुरवठ्यातील सुमारे १५ टक्के हवा खर्च करतो. हा खर्च विजेच्या बिलात उतरतो आणि कारखान्याच्या लेखा विभागास तो खटकतो. उपकरणांच्या हवेविषयीच्या अमेरिकी मानकात दवबिंदू हा त्या ठिकाणच्या किमान तापमानापेक्षा निदान १० अंश खाली असावा, असे म्हटले आहे; विनिपेगसारख्या ठिकाणी या निकषावर शोषक ड्रायरला पर्याय उरत नाही.

येथे खरेदीच्या कागदपत्रांतील एक सापळा सांगितला पाहिजे. दवबिंदू दोन प्रकारे सांगता येतो : दाबाखाली असताना आणि हवा वातावरणात मोकळी सोडल्यावर. दाबाखाली ३ अंश दवबिंदू असलेली आठपट दाबाची हवा मोकळी सोडली की तिचा दवबिंदू उणे २२ अंशांच्या जवळपास येतो. परिणामी माहितीपत्रकात ‘दवबिंदू उणे २२’ असे छापलेला ड्रायर प्रत्यक्षात साधा शीतन-पद्धतीचा असू शकतो. हवाटाकीत पाणी गोठते ते दाबाखाली. म्हणून दाबाखालील दवबिंदूच विचारला पाहिजे. आयएसओ ८५७३ या मानकातील आर्द्रतेचे वर्गही दाबाखालील दवबिंदूवरच आधारलेले असून त्यात ३ अंशांचा वर्ग चौथा, तर उणे ४० अंशांचा दुसरा आहे. निविदेत वर्ग लिहिल्यास संदिग्धता उरत नाही.

ड्रायरखेरीज काही साधी कामे उरतात. हवानळ उतारावर असावा, टाकीच्या तळाशी पाणी काढण्याची तोटी असावी आणि ती गोठू नये म्हणून तेवढ्या भागापुरते विद्युत्-तापन द्यावे. थंड देशांतील जुन्या मालमोटारींच्या हवा-ब्रेकमध्ये गोठण रोखण्यासाठी अल्कोहोल वापरले जाई. तोच उपाय ज्वलनशील धुळीच्या संकलकात कोणी करू पाहील, तर ते आगीला आमंत्रण ठरेल.

उष्ण व दमट वायू :

आतापर्यंतचे विवेचन सामान्य तापमानाची हवा हाताळणाऱ्या संकलकांना लागू आहे. भट्ट्या, बॉयलर किंवा खडी सुकवणारी डांबर-मिश्रण संयंत्रे यांच्या संकलकांत पाणी वायूबरोबरच येते. ज्या वायूत ३० टक्के वाफ आहे त्याचा दवबिंदू सुमारे ६९ अंश असतो. असा वायू १२० अंशांवर आत येत असला तरी पेटीचा उघडा पत्रा, दाराची चौकट किंवा पत्र्याला जोडलेला लोखंडी खांब यांचे तापमान हिवाळ्यात ६९ अंशांखाली सहज जाते आणि तेथे पाणी सुटते. त्या पाण्यात धूळ कालवली की पिशव्यांवर लेप बसतो. सिमेंट किंवा चुन्याची धूळ असेल तर तो वाळून दगडासारखा होतो आणि पिशव्या बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कोळशावरील बॉयलरच्या वायूत गंधकाची ऑक्साइडे असल्याने प्रश्न आणखी बिकट होतो : गंधकाम्लाचा दवबिंदू १२० ते १५० अंशांच्या पट्ट्यात असतो, त्यामुळे पाण्याच्या कितीतरी आधी आम्ल सुटते आणि पत्रा खाऊ लागते.

येथे खनिज-लोकरीचे उष्णतारोधक आवरण अनिवार्य आहे, आणि ते अखंड असले पाहिजे. एका दारावर आवरण नसेल तर पाणी नेमके त्या दारावर जमते. तथापि चालू स्थितीपेक्षा यंत्रणा सुरू व बंद करण्याच्या वेळा अधिक धोक्याच्या असतात. शनिवारी संध्याकाळी भट्टी थांबवून पंखाही त्याच क्षणी बंद केला, तर दमट वायू पेटीत कोंडला जातो आणि रविवारी रात्री त्यातील सर्व पाणी पिशव्यांवर गोठते. म्हणून प्रक्रिया थांबल्यावरही पंखा दहा-वीस मिनिटे चालू ठेवून आतील वायू कोरड्या हवेने बदलावा, पिशव्या झटक्यांनी साफ कराव्यात आणि मगच यंत्रणा बंद करावी. सुरू करताना धूळ येऊ देण्यापूर्वी स्वच्छ गरम हवेने पेटी दवबिंदूच्या वर तापवून घ्यावी. यासाठी यंत्रसामग्री लागत नाही, पाळीच्या वेळापत्रकात अर्धा तास लागतो. आणि उत्पादनाच्या घाईत तोच मिळत नाही.

हॉपर व इतर भाग :

हॉपरचा पत्रा वायूच्या प्रवाहापासून दूर व उघड्यावर असल्याने संपूर्ण यंत्रणेत तोच सर्वांत थंड असतो. तेथे ओलसर धुळीचा पूल तयार होतो आणि वरची धूळ खाली पडत नाही. कामगार मग बाहेरून हातोडा मारतात. पूल मोडतो, पण पत्र्याला पोचे पडतात आणि त्याच पोच्यांवर पुढची धूळ अडते. जुन्या हॉपरवरील पोच्यांवरून तेथे किती हिवाळे हातोड्यावर काढले गेले, याचा अंदाज बांधता येतो. हॉपरचा उपयोग साठवणीसाठी न करता धूळ सतत काढत राहणे आणि खालच्या तृतीयांश भागाला तापक बसवणे हा खरा उपाय होय. पूल मोडण्यासाठी हॉपरमध्ये उतरणे जीवघेणे ठरू शकते; वरची धूळ अकस्मात कोसळून माणूस गाडला जातो.

ज्वलनशील धुळीच्या संकलकांना स्फोटाचा दाब बाहेर जाण्यासाठी फुटीर झरोके असतात. त्यांवर बर्फ साचला तर झरोका ठरलेल्या दाबाला उघडत नाही. सबब ते मोकळे ठेवणे हे झाडलोटीचे नव्हे, तर सुरक्षेचे काम समजावे. आग विझवण्यासाठी पेटीला जोडलेली पाण्याची वाहिनी उघड्यावर भरलेली ठेवू नये. पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारे ओले धूळसंकलक हा स्वतंत्र विषय आहे. कडक हिवाळ्याच्या ठिकाणी ते शक्यतो इमारतीच्या आत असावेत, एवढे नमूद करणे पुरे.

भारतीय संदर्भ :

भारतात हा प्रश्न काश्मीर खोऱ्यात प्रत्यक्ष उद्भवू शकतो. पुलवामा जिल्ह्यातील ख्रिव परिसरात सिमेंट उद्योग आहे, आणि २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या ‘चिल्लई कलान’मध्ये खोऱ्यातील रात्रीचे तापमान शून्याखाली राहते, डिसेंबर २०२४ मध्ये श्रीनगर येथे ते उणे ८ अंशांच्याही खाली गेले होते. अशा ठिकाणी ३ अंश दवबिंदूची हवा पुरत नाही, हे वरील गणितावरून स्पष्ट आहे.

महाराष्ट्रात यंत्रे गोठत नाहीत. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पहाटे दव गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात वाचायला मिळतात, पण तेही निरभ्र आकाशाखाली पृष्ठभाग हवेपेक्षा अधिक थंड होत असल्यामुळे. उघड्यावरचा पत्राही याच रीतीने रात्री हवेपेक्षा थंड होतो, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे पाण्याची अडचण पावसाळ्यात येते, आणि ती परिमाणाने मोठी आहे. कोकणात जुलैमध्ये ३० अंश व ८५ टक्के आर्द्रता असताना हवेत घनमीटरमागे सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. आठपट संपीडनाने ती २०० ग्रॅमच्या वर जाते. ही हवा ३५ अंशांपर्यंत थंड केली तरी १६० ग्रॅमहून अधिक पाणी सुटते. ते नीट काढले नाही तर झटक्याबरोबर थेट पिशवीत जाते आणि बर्फाशिवायही लेप बसतो.

ओलसर धूळ केवळ चिकटते असेही नाही. चीनमधील कुन्शान येथे २ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, मोटारीच्या चाकांना चकाकी देणाऱ्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट झाला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत मृतांची संख्या १४६ झाली. धूळसंकलकाचे गंजलेले पिंप फुटून आतील धूळ ओली झाली होती आणि पाण्याशी झालेल्या अभिक्रियेच्या उष्णतेने ती पेटली, असे अधिकृत चौकशीत आढळले.

कोकणातील कारखान्यात हवाटाकीची तोटी उघडली की पाण्याची धार लागते आणि ड्रायर बिघडल्याचे चालकाला कळते. विनिपेगमध्ये किंवा ख्रिवमध्ये जानेवारीत तीच तोटी उघडली असता काहीच बाहेर येत नाही. हवा कोरडी असल्याने पाणी नाही, की तोटीतच बर्फ धरला आहे, याचा उलगडा तोटीकडे पाहून होत नाही. त्यासाठी ड्रायरच्या पुढे दवबिंदू-मापक बसवून त्याची नोंद प्रत्येक पाळीच्या वहीत घ्यावी लागते.